किराणा किट कोणाला द्यायचं, उत्पन्नाची अट किती ठेवायची? (अमळनेर)

बोरीकाठ_अमळनेर

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण वाचा, डोकं चालेना म्हणून इथं टाकतोय.

आमचं गल्लीतलं मंडळ आहे, गणपती बसवणारं साधं, नोंदणी वगैरे काही नाही. लॉकडाऊनमधे किराणा किट वाटले होते आणि ते काही बंद झालंच नाही, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या ओट्यावर ४० किट निघतात. तांदूळ, तूरडाळ, तेलाची एक पिशवी, साखर, चहा पुडा, हळद-तिखट, कपड्याचा एक साबण. पैसे बाजारातले व्यापारी देतात, दोन-तीन जण सुरतला सेटल आहेत ते पाठवतात. पण दिवाळीपासून लाईन वाढलीय, किट ४० आणि माणसं साठ-सत्तर. मागच्या वेळेस एक आजी तासभर उभी होती, तिच्या आधी दोन नंबरवर किट संपले. काही बोलली नाही ती, पिशवी उलटी करून झटकली, चार पदरी घडी घातली, कंबरेला खोचली आणि गेली. त्या दिवशी जेवण नाही गेलं मला.

आता आमचे मुख्य देणगीदार काका म्हणतात की खरे गरीब निवडा, रेशनला जी अट लागते तीच लावा, शहरात वर्षाला ५९ हजार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणेल त्यालाच किट. ऐकायला बरोबर वाटतं. म्हणून मी तीन रविवार वही घेऊन बसलो, येईल त्याला विचारलं घरात किती माणसं, महिन्याला किती येतं, कार्ड कोणतं. आणि सगळं उलटंच निघालं.

एक बाई चार घरची धुणीभांडी करतात, महिना साडेसहा हजार. म्हणजे वर्षाला ७८ हजार, अटीच्या बाहेर. एक हमाल दादा, हंगामात दिवसाला ७००-८०० कमावतो, बाकी चार महिने घरी बसून, त्याला वर्षाचं विचारलं तर हसला, म्हणे "दादा वर्षाचं कोण मोजतं, आज किती ते विचार." एकाकडं दाखला आहे ३६ हजाराचा आणि स्वतःच सांगतो की महिन्याला नऊ-दहा हजार पडतात. ज्या आजी परत गेल्या त्यांच्याकडं दाखला नाही, कार्ड मुलाच्या नावात, मुलगा पुण्याकडं आणि त्याचा फोन लागत नाही.

तर प्रश्न असा की ५९ हजाराची अट लावली तर वहीतले खरं बोलणारे जवळपास सगळे बाद होतात आणि दाखलेवाले राहतात. अट ठेवू तर किती ठेवू? आणि हा ५९ चा आकडा मुळात आला कुठून, कोणाला माहिती आहे का?

रिटायर्ड_पुरवठा

दादा, पुरवठा शाखेत कारकुनी करून रिटायर झालो, आता धुळ्याला नातवंडांच्या मागे असतो. कोणता तालुका ते विचारू नका.

आधी आकड्यांचं सांगतो. १९९९ ला आपल्याकडं तीन रंगाची कार्डं आली, पिवळं, केशरी, पांढरं. पिवळं म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजारापर्यंत, केशरी १ लाखापर्यंत, त्याच्या वर पांढरं. वर्षाला १५ हजार म्हणजे पाच माणसाच्या घरात माणशी महिन्याला २५० रुपये, त्या काळात पण कोणी धड जगत नव्हतं त्याच्यात. नंतर २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू. अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी ३५ किलो तसंच राहिलं आणि बाकीच्यांसाठी "प्राधान्य कुटुंब" नावाची नवीन कॅटेगरी, माणशी ५ किलो. त्या प्राधान्यासाठी केशरीतल्या कोणाला घ्यायचं तर शहरात ५९ हजारापर्यंत, खेड्यात ४४ हजारापर्यंत. तुमचा आकडा तो.

आता गंमत बघा. ४४ हजाराला १२ ने भागा, पाच माणसं धरा, माणशी महिन्याला ७३३ रुपये. आणि तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ ची महाराष्ट्राच्या खेड्याची दारिद्र्यरेषा होती माणशी ९६७. आठवत असेल, खेड्यात २७ रुपये रोज आणि शहरात ३३ म्हणून टीव्हीवर किती चेष्टा झाली होती, ते देशाचं सरासरी होतं. म्हणजे ज्या रेषेला सगळा देश हसला तिच्याही खाली आपली रेशनची अट! त्या रेषेनं राज्यातल्या खेड्यात शंभरात २४ लोक गरीब निघत होते. आणि कायद्यानं महाराष्ट्राच्या खेड्यात धान्य द्यायचं किती जणांना, तर ७६.३२ टक्के. शहरात ४५.३४ टक्के. अट खरोखर पाळली असती तर चौघात एकाला पण धान्य मिळालं नसतं, आणि द्यायचं होतं चौघात तिघांना. मंग काय झालं असेल ते तुम्हीच समजा. याद्या आधी भरल्या, उत्पन्न मागून लिहिलं. हमीपत्र छापील होतं, माणसानं सही-अंगठा केला की झालं.

खरी अट उत्पन्नाची नाहीच, खरी अट इष्टांकाची. राज्याला ७ कोटी लोकांचा कोटा ठरलेला, तो जिल्ह्याला वाटला, जिल्ह्यानं तालुक्याला वाटला. आणि तो २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर जन्मलेली पोरं, आलेल्या सुना, वेगळी झालेली घरं, ह्यांना जागा तेव्हाच जेव्हा कोणी मयत होतं, किंवा बाहेर जातं, किंवा ई-केवायसीत गळतं. मी टेबलावर बसून किती बायकांना सांगितलं असेल की बाई तू बसतेस नियमात पण इष्टांक फुल आहे. तिला इष्टांक म्हणजे काय कळणार, ती समजायची साहेबाला पैसे पाहिजेत. काही ठिकाणी तेही खरं होतं, खोटं कशाला बोलू.

दाखल्याचं पण सांगतो. दाखला काढायला गेलं की पहिला प्रश्न काय असतो, "कशासाठी पाहिजे?" निराधारसाठी असेल तर २१ हजाराच्या आत, रेशनला ५९ च्या आत, पोराच्या स्कॉलरशिपला अडीच लाखाच्या आत. काम आधी विचारायचं आणि आकडा मग ठरायचा. म्हणून तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं तहसीलच्या दाखल्यावर किट वाटाल तर ज्याला दाखला काढता येतो त्यालाच किट जाईल.

चोपडा_किंग

सगळं ठीक आहे काका पण आमच्या इथं पिवळं कार्ड आणि दारात बोलेरो असे नमुने पण आहेत त्याचं काय. फुकट म्हटलं की लाईन लागणारच. हातात १५ हजाराचा मोबाईल, खाली बाईक, आणि किट पाहिजे. बोरीकाठ भाऊ, तुम्ही साधा नियम करा, ज्याच्याकडं गाडी आहे त्याला नाही. विषय संपला.

रिटायर्ड_पुरवठा

किंग भाऊ, बोलेरोवाला नियमात बसतच नाही, चारचाकी असेल तर पिवळं सोडा, केशरी पण मिळत नाही (टॅक्सीवाला सोडून). तक्रार करा ना, नाव कटलं की दुसऱ्या कोणाची सोय होते. पण बाईकचं म्हणाल तर, एमआयडीसीला रात्रपाळी करणारा पोरगा बसनं जाईल का, रात्री बारा वाजता कोणती बस आहे ते सांगा.

डाळमिल_जळगाव

किंग दादा, मोबाईलचं तुम्ही बोललात म्हणून लिहितेय, नाहीतर नुसती वाचत होते.

माझी आई जळगावला डाळमिलमधे निवडायला जाते. ३०० रुपये रोज, महिन्यात २४ दिवस भरले तर ७२००. पप्पा वारले २०१९ ला. घरात आई, आजी, मी आणि भाऊ. मी बीकॉम थर्ड इयर. आमचा हिशोब मीच ठेवते तर लिहितेच. खोली भाडं २५००, लाईट ५००-६००, गॅस, तो पण आम्ही पावणेदोन महिने पुरवतो, आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ७००, भावाची रिक्षा ६००, दूध अर्धा लिटर, रिचार्ज. उरतात ते किराण्याला, दोन हजाराच्या आत. आणि हो मोबाईल आहे, १२ हजाराचा, हप्त्यावर, कारण कॉलेजची नोटीस, स्कॉलरशिपचा फॉर्म, रेशनची केवायसी सगळं त्याच्यावरच येतं.

७२०० गुणिले १२ म्हणजे ८६,४००. म्हणजे ५९ हजाराच्या नियमानं आम्ही चांगले खाऊनपिऊन सुखी. रिटायर्ड काकांचा हिशोब वाचून मी पण बसून केला, माणशी महिन्याला १८०० पडतात. तेंडुलकरची शहरी रेषा महाराष्ट्राला ११२६ होती, म्हणजे आम्ही गरीब नाही. नंतर रंगराजन समितीनं शहरात १४०७ म्हटलं, देशाचं, तरी आम्ही गरीब नाही. पण ती २०११-१२ ची किंमत ना! महागाईचा निर्देशांक २०१२ ला १०० धरला तर २०२५ मधे १९० च्या वर होता. ११२६ ला १.९ नं गुणलं की येतात २१३९. म्हणजे आता आम्ही गरीब. मग आईला लाडकी बहीणचे १५०० मिळतात ते धरले तर होतात माणशी २१७५. म्हणजे ३६ रुपयांनी आम्ही रेषेच्या वर आलो 😄 ३६ रुपयात एक कोथिंबीरची जुडी आणि अर्धा पाव पोहे येतात.

आणि सरकारच्याच बाकीच्या अटी बघितल्या तर डोकं फिरतं. निराधारला वर्षाला २१ हजार, तिथं आई श्रीमंत. अन्नसुरक्षेला ५९, तिथं पण श्रीमंत. केशरी कार्डाला १ लाख, तिथं बसते. लाडकी बहीणला अडीच लाख, तिथं गरीब. आणि दहा टक्केवालं आर्थिक दुर्बल आरक्षण आहे त्याला ८ लाख. एकच बाई, एकच पगार.

आमच्या कार्डावर प्राधान्यचा शिक्का आहे पप्पा होते तेव्हापासूनचा, तेव्हा कोणी काय लिहिलं ते माहित नाही. माणशी ५ किलो येतात, चौघांचे २० किलो, २०२३ पासून फुकट. ते नसते तर मी कॉलेजला नसते. एवढंच.

चोपडा_किंग

ताई सॉरी, तुमच्यासारख्यांबद्दल नव्हतं बोललो.

डाळमिल_जळगाव

लाईनमधे उभं राहिल्यावर सगळे सारखेच दिसतात दादा, तुमच्यासारखे बघणारे कसं ओळखणार.

कपाशी_पारोळा

भाऊ हो, मनी बी येक गोठ आयकी ल्या. (बाकी मराठीतच लिहितो, नाहीतर पुणेवाले म्हणतील काय भाषा आहे.)

उत्पन्न उत्पन्न करताय पण शेतकऱ्याचं उत्पन्न म्हणजे नेमकं काय धरायचं ते सांगा आधी. मला ३ एकर कोरडवाहू. २०२४-२५ च्या हंगामाला पूर्ण कपाशी होती, एकरी ५ क्विंटल पडला. हमीभाव कागदावर ७१२१ होता, पण ओला आहे, कवडी आहे, असं करत व्यापाऱ्यानं ६९०० नं नेला. १५ क्विंटलचे झाले १ लाख ३ हजार ५००. आता तलाठ्याला विचारलं तर हे माझं उत्पन्न. आणि ह्याच्यातून बियाणाची ६ पाकिटं ८६४ ची, वेचणी किलोला १० रुपये म्हणजे १५ हजार तिथंच गेले, खत, फवारणी, निंदणी, डवरणी, भाडं. हातात राहिले ४०-४५ हजार, आणि सोसायटीचं व्याज अजून दिलेलं नाही ह्याच्यातून. घरात ५ माणसं. रिटायर्ड काकाच्या हिशोबानं मी अगदी ४४ हजाराच्या काठावर बसतो, पण सातबारा बघितला की लोक म्हणतात जमीनदार आहे! कार्ड केशरी, शिक्का नाही, धान्य शून्य.

आणि ज्या वर्षी बोंडअळी आली ना, २०१७ ला, त्या वर्षी उत्पन्न मायनस होतं. दाखल्यावर मायनस लिहिता येतं का हो काका?

माझ्या शेतात वेचायला येणाऱ्या बायका दिवसाला ४०-५० किलो वेचतात, म्हणजे ४००-५०० रुपये. त्यांना रेशन आहे आणि मला नाही, म्हणून आधी मला राग यायचा. आता नाही येत, कारण वेचणी दीड-दोन महिन्याची, नंतर त्या पण घरी आणि मी पण घरी. बोरीकाठ भाऊ, किट देताना शेतकरी म्हणून हाकलू नका कोणाला, तेवढंच म्हणणं. अर्थात आम्ही येणार पण नाही लाईनीत. लाज वाटते.

रिटायर्ड_पुरवठा

मायनसचा रकाना नाही भाऊ फॉर्ममधे 🙏

सातपुडा_तळोदा

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर शिकवते. वर्षाच्या उत्पन्नावर सगळी चर्चा चाललीय, मला म्हणायचंय की भूक वर्षाची नसते, महिन्याची असते.

आमच्याकडचे लोक, भिल्ल, पावरा, दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातकडं निघतात, जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते पावसाळ्यातच. ती उचल एकदम हातात येते, चाळीस-पन्नास हजार, कधी जास्त. तुमच्या वहीत लिहायचं तर त्या महिन्याला ते घर श्रीमंत! पण ती उचल म्हणजे पुढच्या पाच महिन्यांची मजुरी आधीच खाल्लेली. त्यातनं जुनं कर्ज फिटतं, लग्न होतं, पत्रे येतात. आणि ऊस तोडताना हातात रोख काहीच नाही, आठवड्याला खर्ची तेवढी.

सगळ्यात वाईट काळ जूनपासून पोळ्यापर्यंत. पेरणी झालेली, काम संपलेलं, मागच्या वर्षीचा मका-ज्वारी कणगीत तळाला. ह्या काळातल्या मदतीला आदिवासी विकास विभागाकडं शब्दच आहे, खावटी. पूर्वी ह्याच महिन्यांसाठी खावटी कर्ज द्यायचे. कोरोनाच्या काळात ते अनुदान केलं, घरटी ४००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. किराणा आला तेव्हा काही घरांत तूरडाळ बघून पोरं नाचली होती, मी स्वतः बघितलं. सांगायचं म्हणजे वर्षाची रेषा काढून काय उपयोग, ज्या महिन्यात कणगी रिकामी असते तो महिना आधी धरा.

वन नेशन वन रेशन कार्डमुळं आता सुरतकडं पण धान्य उचलता येतं, काहीजण तिकडं उचलतात, घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचं इकडं उचलतात, अर्धं-अर्धं चालतं ते, माहिती नसतं लोकांना. पण ज्यांची केवायसी राहिली त्यांचे हाल. आमच्याकडं एका घरात सात माणसं आणि मशीनमधे चारच. तीन पोरांचे आधार अपडेट नाहीत, बोटं उमटत नाहीत. दुकानदार म्हणतो माझ्या हातात काही नाही, ते पण खरंच आहे. मुख्याध्यापकांनी तीन रविवार आधारची मशीन शाळेत आणवली तेव्हा वीसेक पोरांचं झालं.

बोरीकाठ_अमळनेर

बापरे एवढं लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद. डाळमिल ताई, तुमचा हिशोब मी देणगीदार काकांना मोठ्यानं वाचून दाखवला, नाव न सांगता. ते गप्प बसले थोडा वेळ, मंग म्हणाले "अरे पण मंग ४० कोणते निवडायचे ते तरी सांग." तेही बरोबर आहे, किट ४०च आहेत, पैसे काही झाडाला लागत नाहीत.

मॅडम तुमचं खावटीचं डोक्यात बसलं. काल मी वहीतला "महिना उत्पन्न" हा कॉलम खोडला आणि तिथं लिहिलं "डबा कधी रिकामा होतो". गल्लीतल्या पंधराएक घरी संध्याकाळी जाऊन विचारून आलो. उत्पन्न विचारलं की लोक इकडंतिकडं बघतात, पण हे विचारलं की पटकन सांगतात, बायका तर तारीखच सांगतात! धुणीभांडीवाल्या मावशी म्हणे २० तारखेला तेल संपतं, पीठ पुरतं रेशनच्या गव्हावर. हमालदादाची बायको म्हणे आता हंगाम आहे, आता काही नको, जूनला या. (असं पण कोणी म्हणतं हे मला वाटलंच नव्हतं.) आजींचं घर शोधलं, पत्र्याची खोली आहे. त्या म्हणे डबा म्हणजे कोणता, एकच आहे. उघडून दाखवला, तळाला ज्वारीचं पीठ दोन-तीन मुठी असेल, वर हिंगाची रिकामी डबी.

रिटायर्ड काका, आजींचं काय करता येईल? कार्ड मुलाच्या नावात, मुलगा गायब.

रिटायर्ड_पुरवठा

मुलगा नाही आला तरी चालतं. आधी त्यांचा आधार आणि जुन्या कार्डाचा १२ आकडी नंबर मिळवा. कार्ड हाताशी नसेल तर ज्या दुकानात नाव आहे तिथं मशीनमधे आधार टाकला की निघतो. मुलाच्या कार्डातून नाव कमी करण्याचा अर्ज आणि नवीन विभक्त कार्डाचा अर्ज, दोन्ही एकत्र द्या. कुटुंबप्रमुख म्हणून बाईच लागते कायद्यानं, १८ वर्षाच्या वरची सगळ्यात मोठी, म्हणजे आजी स्वतःच. एकटी म्हातारी, आधार कोणाचा नाही, अशा घराला अंत्योदयमधे घ्यायची तरतूद आहे, अर्जात तसं ठळक लिहा, तिथं घरटी ३५ किलो आहे, माणशी नाही. इष्टांक शिल्लक आहे का ते तोंडी विचारू नका, अर्जाची पोच घ्या, लेखी उत्तर मागा. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे, मुदत असते कामाला. नाही झालं तर १९६७ ला फोन, आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी असतो अन्नसुरक्षा कायद्याखाली, त्याच्याकडं. निराधार पेन्शनचा अर्ज पण सोबतच टाका, महिना १५०० आहे, २१ हजाराचा दाखला त्यांना तरी खरा मिळेल.

पण ह्याला तीन-चार महिने धरा. तोपर्यंत किटचं तुम्ही बघा.

चोपडा_किंग

आजीचं किट माझ्याकडून, दर महिन्याला. नंबर डीएम करा भाऊ, स्कॅनर पाठवा. बाकी मी काही बोलत नाही आता.

डाळमिल_जळगाव

बोरीकाठ दादा एक सुचवू का, किटमधे तांदूळ कमी करा. रेशनला तांदूळ भरपूर येतो, आमच्या घरात भात एकवेळचा, बाकी भाकर. आमच्या गल्लीत कितीतरी बाया रेशनचा तांदूळ किराणावाल्याला देऊन त्याच्या बदल्यात ज्वारी नाहीतर तेल घेतात, आणि तो भाव पाडून घेतो. लोक म्हणतात बघा रेशन विकतात. अहो भाकरीला पीठ पाहिजे म्हणून विकतात. तांदळाच्या जागी ज्वारी आणि तेलाची पिशवी एकाच्या जागी दोन केली तर २० तारखेचं तेल महिनाअखेरपर्यंत जाईल. आजीला तर नक्कीच ज्वारी द्या.

बोरीकाठ_अमळनेर

हे आम्हाला पाच वर्षात कोणीच सांगितलं नव्हतं ताई. आम्ही आपले तांदूळ स्वस्त म्हणून भरत होतो. पण ज्वारीचा बाजारात भाव विचारला तर चांगल्या दादर ज्वारीला खूप सांगतायत, ४० किटला ५-५ किलो म्हणजे दोन क्विंटल लागणार, काकांना विचारावं लागेल.

कपाशी_पारोळा

विचारू नका काकाले. एका एकरात दादर केली होती ह्या वर्षी, घरची खाऊन दोन पोती जादा आहेत. विकायची होती पण राहू द्या. एक पोतं असंच न्या, दुसऱ्याचे जमतील तेव्हा द्या. फक्त गाडी तुमची, आणि पोती परत आणा, पोती नवी आहेत.